एका कोटातली माणसं

सरकारी खिडकीवरच्या ज्या कॉम्प्युटरने मला 'तुम्ही म्हणजे तुम्ही नाही' असं तोंडावर सांगितलं, त्याचा मी ऋणी आहे. हे लिहिताना हात जरा अडखळतो, कारण त्या दिवशी मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण ऋण ते ऋण.

काम तसं एवढंसं होतं. आमच्या रोहिणीचा सरकारी कॉलेजात फार्मसीला नंबर लागला होता. यादीत तिचं नाव शेवटून दुसरं होतं, पण होतं. आता फक्त अधिवासाचा दाखला जोडायचा, तोही शुक्रवारपर्यंत. नाही जोडला तर जागा खालच्या नंबरला जाणार आणि रोहिणीला खाजगी कॉलेज बघावं लागणार. खाजगी कॉलेजची फी आम्ही चौकशीपुरती विचारली होती, तेव्हा मी उभ्याचा बसलो होतो. दाखल्यासाठी वडिलांची ओळख पटवायची होती. मी सोमवारी सकाळी हसत हसत घरातून निघालो. माझी ओळख पटायला असा कितीसा वेळ लागणार?

इंदिरानगरमध्ये मला ओळखत नाही असा माणूस विरळा. विमा कार्यालयात नोकरी, सोसायटीचं सेक्रेटरीपद, गणपतीच्या आरतीत वरचा सूर. एवढ्या भांडवलावर माणूस निर्धास्त असतो.

खिडकीवर छाया मॅडम बसल्या होत्या. चष्मा, करड्या केसांचा अंबाडा, आणि 'पुढचे' म्हणण्याची एक खास पद्धत, की पुढचा आपोआप एक पाऊल मागे सरायचा. दोन हजार पाच सालचा जून महिना होता आणि खिडकीवर नवीन यंत्रणा बसवली होती. तिच्यावर अजून झेंडूची माळ होती, कपाळावर, म्हणजे स्क्रीनवर, कुंकवाचं बोट होतं.

"आता माणसाने बघायचं काम नाही," छाया मॅडम म्हणाल्या. "तुमचा फोटो स्कॅन होतो, अल्गोरिदम तो सगळ्या जुन्या फोटोंशी ताडून बघतो. पटलं की दाखला."

मी मान डोलावली. न समजलेल्या शब्दाला मान डोलवण्यात मध्यमवर्गीय माणसाचा हात कुणी धरू शकत नाही. फोटो आत गेला, यंत्र थोडं घरघरलं आणि स्क्रीनवर लाल पट्टी आली : 'ही व्यक्ती आधीच अस्तित्वात आहे.'

"असणारच," मी म्हणालो. "चोपन्न सालापासून आहे."

"तसं नाही काका. वेगवेगळ्या नावांनी आहे." मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आदर होता की संशय, ते मला आजही सांगता येणार नाही. "हे बघा. भिकन, जयराम, सहादू... आणि शेवटी तुम्ही. यंत्र म्हणतंय, हे सगळे एकच गृहस्थ."

मी काचेला नाक लावून पाहिलं. स्क्रीनवर ओळीने फोटो होते आणि प्रत्येक फोटोत माझा कोट होता.

आता या कोटाबद्दल सांगायला हवं. लग्नात सासऱ्यांनी जावयाला सूट द्यायचा, ही आपली रीत. माझे सासरे, तात्या, पिंपळगाव बसवंतला बाजार समितीत मापारी होते. कांद्याचं वजन करण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी मला जो कोट दिला तो वांगी रंगाचा होता आणि खांद्यात इतका ऐसपैस, की लग्नाच्या फोटोत कोट उभा आहे आणि मी आत कुठेतरी आहे. शेजारचे गायधनीकाका तेव्हा मांडवातच म्हणाले होते, "जावयाला कोट दिलाय की मांडव?" तो कोट मी पुन्हा चारचौघांत घातला नाही. सासऱ्यांचा आहेर, टाकता येत नाही. आणि माप चुकलं म्हणून सांगावं, तर मापाऱ्याला तसं सांगायचं कुणी?

मग तो आमच्या शुभांगीच्या हातात पडला. माझी बायको मनाने इतकी मोकळी, की घरातली वस्तू शेजारी दिसली तर ती ओळखही दाखवत नाही. "अहो, कपाटात कसर खाण्यापेक्षा कुणाच्या अंगावर तरी जाईल," असं म्हणून तिने तो समोरच्या यादवच्या फोटो स्टुडिओत नेऊन दिला. तिथे आरशाशेजारच्या खिळ्यावर कोट लटकला आणि त्याच्याबरोबर माझा तयार गाठीचा, रबरबँडवाला टायही. त्या काळी कागदावरच्या फोटोत कोट असला की साहेब लोक नीट बोलतात, असा आमच्या भागात समज होता. लायसनला, पासबुकाला, नोकरीच्या अर्जाला, स्थळं दाखवायच्या फोटोला, जो येईल तो माझ्या कोटात शिरायचा. फोटोपुरता मीही एकदा शिरलो होतो आणि खिडकीवर दिलेला फोटो तोच होता. आणि गंमत अशी, की तो माझ्याशिवाय सगळ्यांना बरोबर बसायचा.

यादवचं आणखी एक होतं. त्याला टचिंगचा नाद. पडदा तोच निळा, आणि फोटो काढला की तो बारीक ब्रशाने तीळ पुसायचा, सुरकुत्या पुसायचा, देवीचे व्रण पुसायचा. "गिऱ्हाइकाने फोटो बघून म्हटलं पाहिजे, हा मीच का?" असं तो अभिमानाने सांगायचा. सरकारी कॉम्प्युटरलाही आता तोच प्रश्न पडला होता.

मी छाया मॅडमना सगळा उलगडा केला. त्यांनी शांतपणे ऐकलं. "मला पटलं. पण मला पटून उपयोग नाही, त्याला पटलं पाहिजे," असं म्हणून त्यांनी यंत्राकडे बोट दाखवलं. "बिनकोटाचा फोटो आणा."

मी तडक यादवकडे गेलो, शर्टवर फोटो काढला आणि टचिंग न करण्याची शपथ घ्यायला लावून तो घेऊन आलो. यंत्र पुन्हा घरघरलं. या वेळी पट्टी पिवळी होती : 'या नावाच्या व्यक्तीशी चेहरा जुळत नाही.' जुन्या फोटोत यादवने माझ्या गालावरचा तीळ पुसला होता आणि आता तो शाबूत होता. म्हणजे कोट घातला तर मी सगळेच होतो आणि काढला तर मी मीसुद्धा नव्हतो. असा पेच पोथ्यांत ऐकला होता, पण तो खिडकी क्रमांक तीनवर भेटेल असं वाटलं नव्हतं. मी यंत्राला जे बोललो ते तेव्हाच बोललो.

संध्याकाळी सोसायटीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं वकील करा. कुणी म्हणालं त्र्यंबकेश्वरला जाऊन शांत करून या, ग्रह असतात एकेक. मालनबाई रोज सकाळी भाजीची पाटी घेऊन आमच्याकडे येते, त्या दिवशी ती संध्याकाळीही आली होती. ती म्हणाली, "साहेब, त्या मशिनीला जेवाय-खायला घालता येत नाय ना, म्हणून ती आयकत नाय." गायधनीकाकांनी विचारलं, "हे अल्गोरिदम कुठल्या टेबलावर बसतात? आपला एक भाचा आहे कलेक्टर कचेरीत." मग त्यांनी नेहमीप्रमाणे कोटाकडे मोर्चा वळवला. "मी मांडवातच म्हटलं होतं. तो कोट म्हणजे बला आहे. मी तर मेलो तरी अंगाला लावणार नाही."

मी छाया मॅडमनी छापून दिलेला कागद खिशातून काढला. त्यावर शेवटून तिसरा चेहरा गायधनीकाकांचा होता. वांगी कोट, निळा पडदा, गालावर एक सुरकुती नाही. काकांनी कागद उलटा करून मागची बाजू बघितली. "पासपोर्टसाठी," ते शेवटी पुटपुटले. "तेव्हा शुभांगीला म्हटलं होतं, तुम्हाला सांगू नको." शुभांगी आत चहा बघायला गेली.

मंगळवारी छाया मॅडमनी यंत्र बसवणाऱ्या पुण्याच्या कंपनीला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, की एकच वाटणाऱ्या व्यक्ती वेगळ्या करण्याची सोय यंत्रात आहे. सगळ्यांनी एकाच दिवशी, कोट न घालता, खिडकीवरच्या कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष हजर राहायचं. एक जरी गैरहजर राहिला तरी गुंता तसाच राहील. "गुरुवारी सकाळी आणा सगळ्यांना," मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारी मला बैठक आहे."

इथे माझा धीर सुटला हे मान्य करायला हवं. आमच्या सोसायटीचा एकेकाळचा वॉचमन भिकन आता पिंपळगावच्या एका पॅकहाउसमध्ये द्राक्षांच्या पेट्यांवर देखरेख करायचा. जयराम डी.एड. करताना आमच्या सोसायटीत भाड्याने राहत होता, तो हरसूलला शाळेवर होता. एकदा घातलेल्या कोटासाठी कोण रजा टाकून येणार? दोघांना शेवटचं भेटून वर्षं लोटली होती. फोन मी केला नाही, माझी हिंमत झाली नाही. रोहिणीने केला. ती आतल्या खोलीतून बोलत होती आणि मी बाहेर वर्तमानपत्राचं एकच पान वाचत होतो. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाबा, जयरामदादांनी पूर्ण ऐकूनच घेतलं नाही. फक्त विचारलं, किती वाजता?"

आणि सहादूचं काय? सहादू मालनबाईचा नवरा. मखमलाबादच्या बाजूला त्यांचा फुलांचा मळा. त्याने बाजारात गाळ्याचा परवाना काढण्यासाठी माझ्या कोटात फोटो काढला होता. चार वर्षांपूर्वी तो वारला. मेलेल्या माणसाला कॅमेऱ्यासमोर कसं हजर करणार? हे मालनबाईला विचारण्याचं तोंड मला नव्हतं. दाखला गेला, जागा गेली, असं धरून मी बुधवारी रात्री जेवलोही नाही.

गुरुवारी सकाळी मी नि रोहिणी खिडकीवर पोचलो तर तिथे आधीच घोळका होता. जयराम हरसूलच्या पहिल्या एस.टी.ने आला होता आणि येताना पिशवीभर करवंदं घेऊन आला होता. गायधनीकाका सफारीत होते, मान जरा खाली. यादवही होता, कारण यादव स्वतःच एकदा त्या कोटात शिरला होता. तेवढ्यात पॅकहाउसचा टेम्पो थांबला. पुढून भिकन उतरला, त्याने हात धरून तात्यांना उतरवलं. शुभांगीचा फोन गेल्यावर तात्या घरी बसणारे नव्हते.

"कोटाने घोळ केला म्हणे," तात्या मला म्हणाले आणि एका बाकावर जाऊन बसले.

एकेक जण कॅमेऱ्यासमोर बसू लागला. यंत्र बोलायचंही. 'कृपया हलू नका.' जयराम मास्तर सवयीने मान हलवत होता. 'कृपया हलू नका.' भिकनला हसू आवरेना. गायधनीकाकांच्या पापण्या काही थांबेनात. प्रत्येकाला पाच-सहा वेळा बसावं लागलं, पण एकेक हिरवी पट्टी येत गेली : 'वेगळी व्यक्ती.' मीही बसलो, तीळ पुढे करून बसलो. शेवटी एकच नाव उरलं.

"सहादू," छाया मॅडम म्हणाल्या.

"ह्ये बी आलेत," मागून आवाज आला. मालनबाई गर्दीतून वाट काढत पुढे आली. आज डोक्यावर पाटी नव्हती. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली चौकट होती. तिने टॉवेल सोडला. चौकटीत सहादू होता, निळ्या पडद्यासमोर, माझ्या वांगी कोटात.

"मॅडम, चार वर्सं झाली मी ह्या खिडकीवर येते," मालनबाई म्हणाली. "रेशनकार्डावर माझं नाव लावा म्हनते. दर वक्ताला म्हनतात, मालकाला आना. म्हटलं, आता घेऊनच जाऊ."

छाया मॅडमनी चष्मा सरळ केला. मग त्यांनी स्क्रीनवर काहीतरी शोधलं. "त्यांची मयत नोंद करायची तरी यंत्राला आधी चेहरा पटवावा लागतो," त्या हळूच म्हणाल्या. "ठेवा मावशी त्यांना समोर."

मालनबाईने चौकट कॅमेऱ्यासमोर उभी धरली. लगेच लाल पट्टी आली. कोट दिसत होता ना! फोटोतल्या माणसाचा कोट कसा काढायचा? गायधनीकाकांनी वर कागद चिकटवा म्हटलं, यादव ब्रश आणायला पळणार होता. मालनबाई मात्र कुणाकडे बघत नव्हती. तिने पिशवीतून हार काढला. त्यांच्याच मळ्यातल्या झेंडूचा, भरघोस, पहाटे ओवलेला. तो तिने चौकटीला घातला आणि दोन्ही हातांनी नीट केला. हार कॉलरपासून खाली सगळीकडे पसरला, कोट दिसेनासा झाला आणि वर फक्त सहादूचा चेहरा राहिला.

यंत्राने एकदाही 'हलू नका' म्हटलं नाही. पहिल्याच खेपेला पट्टी हिरवी झाली.

"जिवंतपनी एका जागी बसला नाय कंदी," मालनबाई म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. "आज बगा कसा शाना झालाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "साहेब, ह्यांचा ह्यो एकच फोटू हाय आमच्याकडं. तुमचा कोट होता म्हनून काढला, न्हायतर ते कुटं फोटूला बसनारे? नातू रोज बगतो, म्हनतो आजा साहेब व्हता."

वीस-बावीस वर्षं मी ज्या कोटाची चेष्टा केली तो कोट कुणाच्या तरी भिंतीवर रोज हार घेत होता. मी मालनबाईला हात जोडले. तिथे सगळ्यांसमोर माझे डोळे भरून आले आणि मला त्याची लाज वाटली नाही. छाया मॅडमनी चष्मा पुसला आणि प्रिंटर सुरू केला. आधी मालनबाईच्या नावाचा कागद निघाला, मग रोहिणीचा दाखला. "जुने फोटो मात्र यंत्रातून पुसता येत नाहीत हं," त्या म्हणाल्या, पण ऐकायला कुणी जागेवर नव्हतं. जयराम दाखला वाचून दाखवत होता आणि भिकन खिडकीतून मॅडमना करवंदं देत होता.

मग सगळी वरात यादवच्या स्टुडिओत चहाला आली. कोट तिथेच खिळ्यावर होता. मी तात्यांच्या शेजारी बसलो. जे लग्नानंतर कधी बोललो नव्हतो ते बोललो. "तात्या, या कोटाचे फार उपकार आहेत हो. एवढी माणसं मिळाली. तुम्हाला कधी म्हटलं नाही."

तात्या बशीतला चहा फुंकत होते. "जावईबापू, उपकार कसले? खरं सांगू का आज?" ते म्हणाले. "लग्न तोंडावर आलेलं, शिंपी विचारी माप कुणाचं घेऊ. म्हटलं, घे माझंच. आणि खोटं कशाला बोलू, मनात असं होतं की जावयाला नाही बसला तर परत येईल. तीन पोरींची लग्नं केली, स्वतःला कोट शिवणं काही झालं नाही माझ्याच्यानं."

"मग मागितला का नाहीत?"

"दिलेला आहेर परत मागतात होय? तुम्ही का नाही दिलात?"

"मिळालेला आहेर परत देतात होय?"

शुभांगीने आम्हा दोघांकडे पाहिलं, कपाळाला हात लावला, उठली आणि खिळ्यावरचा कोट काढून वडिलांच्या अंगावर चढवला. तात्यांच्या खांद्यावर तो असा बसला, की शिंपी असता तर रडला असता. बाही मनगटावर थांबली, गुंडी पोटावर अलगद लागली. तात्यांनी आरशात पाहिलं आणि ते कितीतरी वेळ पाहतच राहिले. यादव कॅमेऱ्यामागे गेला. "टचिंग नको," मी त्याला दटावलं. "एकसुद्धा सुरकुती पुसलीस तर बघ." तात्या कोट घालूनच पिंपळगावला गेले, जूनच्या उकाड्यात, टेम्पोत पुढे बसून.

रोहिणीचं कॉलेज सुरू झालं. मालनबाई आता पाटीतली पहिली मेथी आमच्या दारात ठेवते आणि जुडी मोजू देत नाही. गायधनीकाका कोटाबद्दल बोलायचे बंद झाले आहेत. मधल्या काळात ती यंत्रणा जिल्ह्यातल्या सगळ्या खिडक्यांवर पोचली. एके दिवशी दुपारी ऑफिसात फोन आला. तात्या होते, आवाज घाबरा.

"जावईबापू, ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड काढायला आलोय हो. तो कोटातला फोटो दिला. हे यंत्र म्हणतंय, मी म्हणजे तुम्ही. आणि भिकन, आणि तो मास्तर, आणि कोण कोण. आता काय करू?"

मी खुर्चीवरून उठलो आणि पायात चपला सरकवल्या.

"तात्या, जागचे हलू नका," मी म्हणालो. "आम्ही सगळे येतोय."